'वर धरा' हे दोन शब्द

विमानतळ म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं तिथे काहीच नव्हतं. एक आखूड धावपट्टी. तिच्या एका टोकाला टेकडी, दुसऱ्या टोकाला कुंपण आणि कुंपणापलीकडे वीटभट्टी. एक लांबट खोली, तिच्यात चार बाकं, एक मोठी खिडकी, एक काउंटर आणि काउंटरला लागून जमिनीत बसवलेला वजनकाटा. दहा-बारा माणसं कशीबशी मावतील असं छोटं विमान दिवसातून दोनदा डोंगरापलीकडच्या शहरात जाऊन यायचं. रस्त्यानं गेलं तर अख्खा दिवस मोडायचा आणि हाडं खिळखिळी व्हायची ती वेगळीच. त्यामुळे ज्याला जमेल तो विमानानं जायचा, आणि विमानानं जायचं तर आधी ताईंच्या काट्यावर चढायचं.

ताई म्हणजे काउंटरवरच्या ताई. वयानं मोठी असलेली माणसंही त्यांना ताईच म्हणत. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, घरात सासूबाई, आणि त्या स्वतः हसतमुख, अंगानं भरलेल्या, बोलायला गोड. गावात कुणाचं विमानाचं तिकीट निघालं की बायका एकमेकींना सांगायच्या, "काळजी करू नकोस गं, काट्यावर ताई असतात."

काळजी कसली, तर वजनाची. छोट्या विमानाला किलोकिलोचा हिशेब द्यावा लागतो. पंखांवरून वाहणारी हवा विमान उचलून धरते, पण ती किती उचलणार याला मर्यादा असते. विमान जड झालं की उडायला जास्त वेग लागतो, जास्त वेगाला जास्त लांब धावपट्टी लागते, आणि इथली धावपट्टी तर टेकडी आणि भट्टी यांच्यात अडकलेली. त्यात ऊन तापलं की हवा विरळ होते, तिच्यातला जोर कमी होतो. वजन शेपटीकडे जास्त गेलं तर नाक आपोआप वर उचललं जातं, आणि नाक फार वर गेलं की पंखांची हवेवरची पकड सुटते. म्हणून कंपनीचा नियम असा होता की प्रत्येक माणसाचं वजन काट्यावर घ्यायचं, मोठ्यानं पुकारायचं, तक्त्यात लिहायचं आणि तक्ता वैमानिकाच्या हातात द्यायचा.

यातलं 'मोठ्यानं पुकारायचं' हेच लोकांच्या जिवावर यायचं. ताईंच्या आधीचा कारकून नियमाचा पक्का. "ब्याण्णव! पुढचे!" असं तो ओरडायचा आणि बाकांवर हशा पिकायचा. एकदा एक नवी नवरी काट्यावरून उतरली ती तशीच बाहेर गेली, तिकीट परत केलं आणि नवऱ्याला घेऊन रस्त्यानं निघून गेली. ताई तेव्हा नुकत्याच कामाला लागल्या होत्या, फरशी पुसायच्या आणि चहा द्यायच्या. त्या मुलीची पाठ त्यांनी पाहिली आणि त्यांना स्वतःची शाळा आठवली. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी त्यांचं वजन पुकारलं होतं आणि मागून कुणीतरी विचारलं होतं, "किलो की क्विंटल?" मग दहावीपर्यंत त्यांचं नाव क्विंटल.

कारकून निवृत्त झाला आणि काउंटर ताईंकडे आलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सामान उचलणाऱ्या दादाला हाताशी धरून काट्याची तबकडी फिरवून घेतली. आता तबकडीवरचा आकडा फक्त त्यांनाच दिसायचा. पुकारणं बंद झालं. मग हळूहळू लिहिणंही बदललं. कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं, पण बदललं खरं.

"ताई, आज बूट जड आहेत हं," नेहमी ये-जा करणारे कंत्राटदार काट्यावर पाय ठेवतानाच म्हणायचे. त्यांचं पोट त्यांच्या आधी काट्यावर पोचायचं.

"हो ना, बूटच दिसतायत नुसते," ताई म्हणायच्या आणि नव्वद लिहायच्या.

"आत्ताच तांब्याभर पाणी प्यायले गं मी."

"मग पाण्याचे वजा करते, मावशी."

माणसं हसत उतरायची, हलकी होऊन बाकावर बसायची.

विमान चालवायचे काका. पांढऱ्या मिशा, खर्जातला आवाज, आणि त्या धावपट्टीवर उभं आयुष्य गेलेलं. त्यांच्या ध्यानात यायला फार दिवस लागले नाहीत. धावपट्टी संपत आली तरी चाकं जमीन सोडेनात, तेव्हा वैमानिकाला ते कागदाशिवायही कळतं. एकदा विमान रिकामं झाल्यावर ते काउंटरशी आले आणि कोपर टेकून म्हणाले, "ताई, माणसं तुमच्या काट्यावर हलकी होतात आणि माझ्या विमानात जड होतात. ही काय जादू आहे?"

ताईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी सगळं सांगून टाकलं, शाळेतल्या क्विंटलसकट. काका आधी गंभीर झाले आणि मग मिशीत हसले. "माझ्या बायकोलासुद्धा तिचं वजन विचारायची माझी छाती नाही. लिहा तुम्हाला काय लिहायचं ते. मला तेवढं कानात सांगत जा."

तेव्हापासून तसंच चालू झालं. तक्ता तयार झाला की काका चहाला काउंटरवर यायचे आणि ताई कप पुढे करता करता हळूच म्हणायच्या, "आज तक्त्यापेक्षा शंभर वर धरा." किंवा, "आज काही नाही, सगळी सडपातळ मंडळी." काका मान हलवायचे, इंधन त्या मानानं कमी भरून घ्यायचे, एखादी पेटी संध्याकाळच्या फेरीला ठेवायचे, जाडजूड माणसांना पुढच्या आसनांवर बोलवायचे. "या कंत्राटदार, माझ्याशेजारी बसा, गप्पा मारू." कंत्राटदारांना वाटायचं, काय आपला मान! लोकांची लाज राहत होती आणि विमानही उडत होतं. हे चुकीचं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, पण इतकी वर्षं काही बिघडलं नाही म्हटल्यावर चुकीला सवयीचं रूप आलं होतं.

मग काकांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेसाठी त्यांना रजा घ्यावी लागली आणि कंपनीनं बदली वैमानिक पाठवला. पोरसवदा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. काकांनी त्याला काउंटरशी उभं राहूनच सगळं समजावलं. ताई तिथेच कप विसळत होत्या.

"सकाळी टेकडीवरून वारा खाली घसरतो, तेव्हा घाई करू नका. भट्टीवाल्यांची कुत्री धावपट्टीवर येतात, आधी दादाला शिट्टी मारायला लावा. उजव्या चाकाचा ब्रेक जरा उशिरा धरतो."

नवे कॅप्टन सगळं मन लावून ऐकत होते. ताई वाट बघत होत्या. काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, खिशातल्या किल्ल्या खुळखुळवल्या आणि म्हणाले, "बाकी ताई आहेतच. काही लागलं तर त्यांना विचारा." आणि ते गेले. ताईंना वाटलं, हे मी सांगावं असं काकांच्या मनात आहे. काकांना काय वाटलं ते पुढे कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी अर्धी रिकामी होती. सांगायची गरजच पडली नाही. दुपारची मात्र भरगच्च. बाहेर ऊन असं की धावपट्टीवरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलत होती. ताईंनी एकेकाला काट्यावर घेतलं, नेहमीसारखी थट्टामस्करी केली, नेहमीसारखे आकडे लिहिले. मनात बेरीज चालूच होती. एकशे साठ वर. त्यामुळे कंत्राटदारांची नळाच्या तोट्यांची जड पेटी त्यांनी दादाला बाजूला ठेवायला सांगितली.

नवे कॅप्टन तक्ता घ्यायला आले. उभ्या उभ्या तो वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मॅडम, तक्ता तुम्ही करता?"

"हो."

"किती स्वच्छ! खाडाखोड नाही, बेरीज बिनचूक. आमच्या मोठ्या विमानतळांवर पदवीधर माणसं बसलेली असतात, पण असा कागद मी पाहिला नाही. कुठे शिकलात?"

आयुष्यात ताईंना कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. त्या शिकल्या होत्या दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या म्हणाल्या, "इथेच, करता करता."

"कमाल आहे. मी कंपनीला तुमचं नाव कळवणार आहे." मग त्यांनी कागदावर बोट फिरवलं. "तक्त्याप्रमाणे अजून चाळीस किलोंची जागा आहे की. मग ती पेटी कशाला मागे ठेवताय?"

बाकावरून कंत्राटदार म्हणाले, "तेच तर! साहेबांना कळलं बघा. तोट्या आज पोचायलाच हव्यात."

दादानं पेटीला हात लावला आणि ताईंकडे पाहिलं. त्यांच्या जिभेवर शब्द तयार होते. दोनच शब्द होते, रोजचे, चहाच्या कपाबरोबर सहज निघणारे. पण ते या मुलासमोर म्हणायचे म्हणजे काय म्हणायचं? की तुम्ही आत्ता ज्याचं कौतुक केलंत तो सगळा कागद खोटा आहे? तेही बाकावर सगळी मंडळी कान देऊन बसलेली असताना? संध्याकाळी सांगू, त्यांना वाटलं. संध्याकाळी निवांत, बाजूला घेऊन. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि मान खाली घातली. दादानं पेटी उचलली. जागा शेपटीकडच्या कप्प्यातच उरली होती.

विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळलं. ताई खिडकीशी उभ्या राहिल्या. एरवी त्या कधी उभ्या राहत नसत. विमान धावत सुटलं, अर्धी धावपट्टी संपली, पाऊण संपली, आणि चाकं जमिनीलाच. "उचल, उचल," त्या पुटपुटल्या. अगदी शेवटी विमान उचललं गेलं, कुंपणावरून कसंबसं गेलं, आणि त्याचं नाक वर, आणखी वर जाऊ लागलं. क्षणभर ते हवेत खिळल्यासारखं दिसलं. मग डावा पंख खाली झुकला आणि विमान वीटभट्टीच्या अंगणात पडलं. आवाज नंतर आला. भट्टीवरची माणसं कच्च्या विटांच्या थप्प्या तुडवत धावली.

आग लागली नाही म्हणून बहुतेक सगळे वाचले. कुणाचे पाय मोडले, कुणाच्या बरगड्या. नव्या कॅप्टनच्या डोक्याला मार लागला आणि मांडीचं हाड मोडलं. प्रवाशांपैकी चौकातले घड्याळजी मात्र इस्पितळात नेता नेता गेले.

गावानं ताईंना दोष दिला नाही, हेच त्यांना सोसेना. दुकानात, रस्त्यात माणसं त्यांना धीर द्यायची. "तुमचा जीव किती तुटत असेल, ताई." "असला पोरगेला वैमानिक पाठवलाच कशाला?" ज्याच्या त्याच्या मनात स्वतःचा आकडा होता आणि जो तो दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलत होता. ताई घरी येऊन मोरीत तोंड धूत बसायच्या.

"अगं, कातडं निघेल आता तोंडाचं," सासूबाई म्हणाल्या. "घे, दोन घास खा. विमान काय तू पाडलंस?"



चौकशीच्या सुनावणीला दोन आठवडे होते तेव्हा एका संध्याकाळी काका घरी आले. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यावर काळा चष्मा होता. नवऱ्यानं खुर्ची पुसून दिली. काका बसले ते गुडघ्यांकडे बघत.

"ताई, मी चौकशी अधिकाऱ्यांना जबाब देऊन आलोय. म्हटलं, वजनं कमी लिहायची इथे जुनी पद्धत आहे, आणि ती त्या पोराला मी नीट समजावली होती. किती वर धरायचं ते ताईंना विचारायचं, असं बजावून सांगितलं होतं म्हटलं."

"पण काका, तुम्ही नाही सांगितलंत."

"नाही सांगितलं." काकांचा खर्ज खाली गेला. "जीभच वळली नाही. सगळे नियम तोंडपाठ असलेलं पोरगं ते. त्याला काय सांगू, इतकी वर्षं विमान चालवतोय ते खोट्या कागदावर म्हणून? वाटलं, ताई सांगतील."

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर सोडलंत."

"सोडलंच की. आता ऐका. त्याला त्या दिवसांतलं काही आठवत नाही. डोक्याला मार लागलाय. तो नाही म्हणणार नाही. त्याचं वय लहान आहे, कुठेतरी दुसरं काम मिळेल. मी खरं सांगितलं असतं तर तुमचं काय झालं असतं? आणि माझं? तुम्ही फक्त गप्प बसा. तुम्हाला विचारलं तर म्हणा, मी कामात होते."

नवऱ्याचे डोळे भरून आले. "काका, तुम्ही आमच्यासाठी..."

"पुरे," सासूबाई आतून बाहेर आल्या. इतक्या वेळ दाराआडून ऐकत होत्या. "चहा घेणार का, काका? साखर संपलीय. तशी आज कुणाला गोड लागणारही नाही."

सुनावणी विमानतळाच्याच खोलीत झाली. अधिकारी बाई शिडशिडीत, शांत, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी पहिल्यांदा काट्याची तबकडी खोलीच्या बाजूला फिरवायला लावली. मग जे चालू शकत होते त्या सगळ्या प्रवाशांना एकेक करून काट्यावर उभं केलं.

"प्लास्टरचं वजन वजा करा, बाई," कंत्राटदार म्हणाले. "ते काही मी घरून आणलं नव्हतं."

"केलं. तरी एकशे दहा." बाईंनी तक्ता पाहिला. "इथे नव्वद आहेत."

कुणीही हसलं नाही. एकामागून एक आकडे मोठ्यानं पुकारले गेले आणि माणसं जमिनीकडे बघत आपापल्या बाकावर जाऊन बसली. ताईंना प्रत्येक आकडा आपल्यालाच मारल्यासारखा लागत होता. या लोकांची झाकून ठेवलेली गोष्ट त्यांनी सांभाळली होती असं त्यांना वाटत आलं होतं. आता ती उघड्यावर पडली होती आणि तिच्यासोबत एक माणूस मेला होता.

"विमान जड होतं, शेपटीकडे वजन होतं, हवा तापलेली होती," अधिकारी बाई म्हणाल्या. "विमान का पडलं याचं उत्तर मिळालं. आता एकच प्रश्न उरतो. हे वैमानिकाला माहीत होतं का? माहीत असून त्यांनी पेटी चढवली असेल तर त्यांना पुन्हा प्रवाशांचं विमान चालवता येणार नाही." त्यांनी ताईंकडे पाहिलं. "कॅप्टन काकांनी बदली वैमानिकाला सांगितलं तेव्हा तुम्ही इथे होतात?"

"मी... कामात होते," ताई म्हणाल्या. काका समोरच बसले होते. त्यांनी श्वास सोडला तो ताईंना ऐकू आला.

मग नव्या कॅप्टनना चाकाच्या खुर्चीतून आणलं. डोक्यावरचे केस काढलेले, गाल बसलेले. खुर्ची त्यांचे वडील ढकलत होते. साधा माणूस, बाह्या मनगटापर्यंत बंद केलेला सदरा, गर्दीत कुठे उभं राहावं हे न कळणारा. बाईंनी विचारलं आणि कॅप्टन बराच वेळ आठवायचा प्रयत्न करत राहिले.

"मला तो दिवस आठवतच नाही. त्याच्या आधीचाही नाही. पण काका सांगितलं म्हणतात, म्हणजे सांगितलंच असणार. एवढे अनुभवी आहेत ते. मी ऐकलं नसेन, किंवा माझ्या गणितावर जास्त भरवसा ठेवला असेन." ते थांबले. "चूक माझी आहे. लिहून घ्या."

अधिकारी बाई लिहू लागल्या. तेवढ्यात वडिलांनी खुर्चीचा दांडा सोडला. खोलीच्या कोपऱ्यात घड्याळजींची बायको बसली होती, तिच्यासमोर ते जाऊन उभे राहिले.

"बाई, मी त्याला वाढवला," ते म्हणाले. "कुठेतरी माझंच कमी पडलं असणार. तुम्हाला तोंड दाखवायची माझी लायकी नाही, पण न दाखवता जाणं त्याहून वाईट वाटलं." तिथेच ते मान खाली घालून उभे राहिले.

ताईंना वाटलं, जमीन फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. ही लाज त्या म्हाताऱ्याची नव्हती. ती त्यांची होती आणि त्यांच्यासमोर तो ती अंगावर घेऊन उभा होता. त्या उठल्या हे त्यांना स्वतःला कळलं ते सगळे आपल्याकडे बघतायत तेव्हा.

"काकांनी सांगितलं नव्हतं."

"काय?" अधिकारी बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मी कामात नव्हते. इथेच होते, सगळं ऐकत होते. काकांनी वाऱ्याचं सांगितलं, कुत्र्यांचं सांगितलं, ब्रेकचं सांगितलं. वजनाचं नाही सांगितलं. मीही नाही सांगितलं. एकशे साठ किलो वर होते. पेटी त्याहून वेगळी."

"ताई!" काका म्हणाले.

"हा आकडा तुम्हाला तेव्हाच माहीत होता?"

"माझ्या तोंडात होता."

"मग बोललात का नाही?"

"लाज वाटली."

"कसली लाज?"

ताईंना ते सांगता आलं नाही. काका उठले, खुर्चीला धडकले, काळ्या चष्म्याआडून कुणाकडेही न बघता बाहेर गेले. कंत्राटदार फणफणले, "वा ताई, वा! इतकी वर्षं गोड बोलून आम्हाला खोटं ठरवलंत होय? आम्ही काय म्हटलं होतं का, कमी लिहा म्हणून?" एकदोघांनी माना डोलावल्या. बाकीच्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

नवे कॅप्टन हे सगळं चालू असताना एकच गोष्ट विचारत होते. "म्हणजे मला सांगितलंच नव्हतं? बाबा, त्या काय म्हणाल्या? मला सांगितलंच नव्हतं?"

वडिलांनी ताईंकडे पाहिलं. आभार नव्हते त्या नजरेत, आणि रागही अजून पोचला नव्हता. मग ते परत गेले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

निघताना घड्याळजींची बायको ताईंपाशी थांबली. "आमच्या ह्यांचं किती भरलं होतं?"

"छप्पन्न."

"आणि लिहिलंत किती?"

"छप्पन्नच."

तिनं मान हलवली. "वाटलंच मला," ती म्हणाली आणि गेली.

कंपनीनं ताईंना कामावरून काढलं. काकांचा परवाना गेला. रस्त्यात समोर आले तर ते आता पलीकडच्या बाजूनं जात. काकांनी आपल्यासाठी खोटी शपथ घेतली आणि आपण त्यांना चारचौघांत उघडं पाडलं, हेही ताईंना गिळावं लागलं. ते गिळताना बरोबर केलं की चूक, याचा विचार उपयोगी पडत नव्हता. नवरा चार दिवस अबोला धरून होता. पाचव्या दिवशी म्हणाला, "दुकानात हिशेबाला बस," आणि लगेच जीभ चावली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "निदान आता जेवशील तरी."

पण ताईंना घास उतरेना. अधिकारी बाईंच्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं आणि ते ज्याला द्यायला हवं तो अजून इस्पितळात होता. एका दुपारी त्या गेल्या. वडील बाहेर औषधं आणायला गेले होते. कॅप्टन उशीला टेकून बसले होते, मांडीवर सळ्या बसवलेल्या. ताई दारातच थांबल्या.

"या," ते म्हणाले. बसा म्हणाले नाहीत.

"माफी मागायला आले."

"मागू नका. मला काय करायचं ते कळत नाही तिचं." ते छताकडे बघत राहिले. "मी इथे पडल्या पडल्या रात्रंदिवस आठवायचो, काकांनी सांगितलं तेव्हा माझं लक्ष कुठे होतं. एका माणसाचा जीव गेला आणि माझं लक्ष कुठे होतं. बाबांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं. आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला एकच विचारायचंय. तो दिवस माझ्याजवळ नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. मी तुमच्याशी काही उद्धट बोललो होतो का? हिडीसफिडीस केलं होतं? म्हणजे मला सांगायची तुम्हाला भीती वाटावी असं काही?"

हो म्हटलं असतं तर किती सोपं होतं. खरं-खोटं सांगणारं तिसरं कुणी नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही फार चांगलं बोललात. मला मॅडम म्हणालात. माझ्या तक्त्याचं कौतुक केलंत, कंपनीला नाव कळवतो म्हणालात. मला तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तुमच्यासमोर खोटी ठरायची लाज वाटली. तेवढ्यासाठी."

कॅप्टनांनी डोळे मिटले. ताईंना वाटलं आता जावं, आणि त्या वळल्या.

"थांबा," ते डोळे न उघडता म्हणाले. "पहिल्यापासून सांगा. मी आत आलो तिथपासून. काय काय म्हणालो, तुम्ही काय म्हणालात. सगळं."

ताई आत आल्या. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि सांगू लागल्या. कडक इस्त्रीच्या शर्टापासून सुरुवात केली. पेटीपाशी आल्या तेव्हाही त्यांनी काहीही वगळलं नाही. पेनला टोपण लावलं, मान खाली घातली, हेसुद्धा सांगितलं.